नकाशातून पुसलेले गाव

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवतो. बी.एड.ला असताना आम्हाला सांगितले होते, गाव शिकवायचे तर आधी नकाशा लावा, मग इतिहासाकडे वळा. एका गावाने आमचा हा पाठ उलटा करून टाकला.

शाळेत चित्रस्पर्धेचे पत्रक आले होते. चित्रे झेक देशातल्या लिदित्से या गावी पाठवायची होती. सातवीच्या मुलांनी नकाशाची पुस्तके उघडली. गाव सापडेना. एका मुलीने विचारले, "सर, नक्शे में नहीं है तो गाँव है किधर?"

आम्हालाही ठाऊक नव्हते. रात्री मिळेल ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी गाव फळ्यावर काढले. प्रागच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, सखल जागी, ओढ्याकाठी. सेंट मार्टिनचे चर्च, शाळा, पाचशेच्या आसपास वस्ती. बरेच पुरुष जवळच्या क्लाद्नो शहरात खाणीत, पोलाद कारखान्यात राबणारे. आपल्याकडच्या कुठल्याही कष्टकरी गावासारखेच.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. लिदित्सेचा त्या कटाशी संबंध नव्हता. नुसता संशय पुरेसा ठरला. १० जूनला गावातल्या १७३ पुरुषांना एका शेतघराच्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या. बायका आणि मुले क्लाद्नोच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत डांबली. तिथेच मुलांना आयांपासून तोडले.

हे सांगताना आमचा आवाज अडला. शाळा ही मूल आईने विश्वासाने सोडून जाण्याची जागा. तिथून त्या आया राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेल्या आणि ८२ मुले पोलंडमधल्या हेल्मनो येथे विषारी वायूने मारली गेली.

एवढ्यावरही भागले नाही. घरे जाळली, चर्च सुरुंगाने उडवले, झाडे तोडली, ओढ्याचा प्रवाह वळवला. कब्रस्तानातल्या कबरीसुद्धा उकरल्या. नकाशावरून नाव काढून टाकले. माणसांबरोबर भूगोलही मारला.

वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उसळून म्हणाला, "सर, ये जर्मन लोग सबके सब जालिम!"

वाचकहो, खरा धडा इथे सुरू झाला. एकाच्या कृत्याची शिक्षा सगळ्या वस्तीला, हा हिशेब आमच्या मुलांना परका नाही. कुठेतरी काही घडते आणि भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाला नाव सांगताच दार बंद मिळते. आम्ही त्या मुलाला एवढेच म्हणालो, "बेटा, लिदित्सेबद्दल त्यांनी असाच विचार केला होता. सबके सब." तो खाली बसला. त्याला पटले की नाही, ते आम्ही विचारले नाही.

युद्ध संपल्यावर १४३ बायका परतल्या. हरवलेल्या मुलांपैकी १७ सापडली. जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर नवे गाव उभे राहिले. जुनी जागा मोकळीच ठेवली आहे. तिथे आता त्या ८२ मुलांचे ब्राँझचे पुतळे आहेत. शिल्पकार मारी उखितिलोवा यांनी त्यासाठी वीस वर्षे घालवली. १९८९ मध्ये त्या वारल्या आणि उरलेले काम त्यांच्या पतींनी तडीस नेले. १९५५ मध्ये देशोदेशीच्या गुलाबांची बाग फुलली. १९६७ पासून त्या मुलांच्या आठवणीत चित्रांचे प्रदर्शन भरते. पुढे जगभरातून चित्रे येऊ लागली, भारतातूनही जातात.

आमच्या वर्गानेही पाठवली. बक्षीस मिळाले नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने चित्रात ओढा काढला होता, जुन्या जागी, आणि काठावर उर्दूत गावाचे नाव लिहिले होते. तिच्या नकाशाच्या पुस्तकातही आम्ही प्रागच्या शेजारी पेन्सिलीने एक ठिपका दिला. तिने तो शाईने गिरवला.