उरलं किती, तेही लिहा

आमच्या शिकण्याच्या काळात सरकारी रुग्णालयात सलाईन काचेच्या बाटल्यांतून लागायचं. रबरी नळ्या उकळून पुन्हा वापरायच्या. लहान आतड्याला पीळ पडलेला रुग्ण उशिरा यायचा. पोट उघडावं तर आत सगळं काळंठिक्कर. मग सर पोट तसंच शिवायला सांगत आणि बाहेर येऊन नातेवाइकांना म्हणत, “आता घरी न्या.” आतडंच काढलं तर माणूस जगवायचा कशावर?

याचं उत्तर तोवर फिलाडेल्फियात सापडलं होतं. स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बीगल जातीची पिल्लं नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली होती. आमच्या वॉर्डापर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं.

आज सहा मीटरपैकी दोन मीटरही आतडं न उरलेली माणसं रात्री दहा-बारा तास छातीतल्या नळीवाटे अन्न घेतात आणि सकाळी कामाला लागतात. फ्रान्समधल्या २६८ प्रौढ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच वर्षांनी ७० टक्के आणि दहा वर्षांनी ५२ टक्के रुग्ण हयात होते. उरलेलं आतडं हळूहळू जास्तीचं काम अंगावर घेतं आणि कित्येकांची नळी सुटतेही. त्याला हातभार लावणारं टेड्युग्लुटाइडचं इंजेक्शन अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. आपल्याकडे हे सारं अजून मोजक्यांच्याच खिशाला झेपतं.

त्या काळातली एक गोष्ट मात्र जुनी झाली नाही: सिस्टरची वही. पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं, सगळं मिलिलिटरमध्ये. आज तीच वही रुग्णाची बायको घरी ठेवते आणि नळीला हात लावण्याआधी सिस्टरसारखेच हात धुते, कारण नळीतून शिरलेला जंतू थेट रक्तात जातो. तहानेला तेव्हा आम्ही तांब्याभर पाणी द्यायचो. पोटावर पिशवी असलेल्या अशा रुग्णाचं नुसत्या पाण्याने मीठ आणखी वाहून जातं; त्याला मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी घोटघोट द्यावं लागतं, हे आता कळलंय.

सर्जन मित्रांनो, आतडं किती काढलं हे तुम्ही लिहिताच. किती सेंटिमीटर उरलं आणि मोठं आतडं जोडलेलं आहे का, तेही लिहा. पुढची वर्षं बरीचशी त्यावरच ठरतात. आणि घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर या दोन नोंदी मागून घ्या.