तीन पेडांचें झाड

झाडीपट्टींत राहून घरांत झाड आणून ठेवणें हा प्रकार आमच्या आजोबांस हास्यास्पद वाटला असता. ज्या जिल्ह्यांत नागझिरा आणि नवेगांवबांध यांचीं अरण्यें आहेत, ज्याच्या देवरी व सालेकसा या तालुक्यांत मोह, तेंदू, साग आणि पळस यांच्या सोबतीवांचून वाट सरत नाहीं, त्या जिल्ह्यांतील मनुष्यानें हातभर रोप कुंडींत लावून तें बैठकींत मांडावें व पाहुण्यांस कौतुकानें दाखवावें, याला काय म्हणावें? परंतु गोंदिया शहर वाढलें तशीं अंगणें आटलीं. आणि ज्यास अंगण राहिलें नाहीं तो खिडकींत बाटली ठेवून तींत मनी प्लँटची वेल सोडूं लागला. या मंडळींत आतां आम्हीही मोडतों. म्हणून हा लेख एका कुंडीविषयीं आहे. मात्र ती कुंडी आमच्या घरची नसून शाळेच्या वाचनालयाच्या दाराशीं ठेवलेली आहे, आणि वाचकांपैकीं बहुतेकांनीं ती येतांजातां पाहिलेली असेल.

अलीकडे रोपवाटिकांतून एक नवल विकावयास येतें. एकाच कुंडींत तीन किंवा पांच खोडें मुलीच्या वेणीसारखीं एकमेकांत गुंफलेलीं, आणि वर पानांचा एकच झुबका. घेणारास वाटतें कीं हें झाड जन्मतःच असें वाढतें. तसें नाहीं. ही मनुष्याच्या बोटांची करामत आहे, आणि ती रोप कोंवळें असतांनाच करावी लागते. अशा झाडांत दोन जाती विशेष आढळतात. एक पचिरा. बाजारांत त्यास 'मनी ट्री' म्हणतात, त्यामुळें बाटलींतील मनी प्लँटशीं त्याची गल्लत होते. वस्तुतः दोहोंचा कांहींएक संबंध नाहीं. पचिरा मूळचें मध्य व दक्षिण अमेरिकेंतील पाणथळ भूमीचें. त्याची वेणी घालून तें देशोदेशीं पाठविण्याचा मोठा धंदा तैवानांत उभा राहिला. तेथील लोक कोंवळीं रोपें मुळांसकट उपटून कांहीं दिवस सावलींत तशींच पडूं देतात. अंगांतील पाणी उतरलें म्हणजे ताठ खोड लवूं लागतें. मग तें गुंफून, बांधून, पुन्हां मातींत लावतात. दुसरी जात फायकस बेंजामिना. हें तर आपल्या वड, पिंपळ व उंबर यांचें भावंड. पान तोडलें असतां त्याच्यांतूनही तसाच पांढरा चीक निघतो.

या दोहोंत एक भेद आहे, आणि आमच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा. पचिऱ्याचीं खोडें जन्मभर एकमेकांस खेटून राहतात, पण बहुधा वेगळींच राहतात. पांचांपैकीं एक आंतून कुजलें तर तें ओढून काढतां येतें, आणि उरलेलीं चार पूर्ववत् जगतात. फायकसाचें तसें नाहीं. झाडाच्या सालीखालीं वाढीचा एक पातळ, ओला थर असतो. खोडाची जाडी त्याच थरांतून वाढते. फायकसाचीं दोन खोडें दीर्घकाळ घट्ट टेकून राहिलीं म्हणजे मधली साल झिजते, दोन्ही थर एकमेकांस मिळतात, आणि तेथून पुढें तीं दोन राहत नाहींत. वडाच्या दोन पारंब्या जुळून एक झालेल्या आपल्याकडे कोणीं पाहिल्या नाहींत?

मेघालयांतील खासी व जैंतिया लोकांनीं याच गुणाच्या आधारानें पूल केले आहेत. रबराच्या वडाचीं, म्हणजे फायकस इलॅस्टिकाचीं, कोंवळीं मुळें ते बांबूच्या किंवा सुपारीच्या पोखरलेल्या खोडांच्या आधारानें ओढ्यापलीकडे नेतात, तेथें मातींत रुजवितात, आणि वर्षानुवर्षें एकमेकांत गुंफीत जातात. असा पूल पाय ठेवण्याजोगा होण्यास १५ ते ३० वर्षें लागतात. म्हणजे पहिलें मूळ जो वळवितो, त्याचा मुलगा त्यावरून निर्धास्त चालतो. नोंग्रियाट येथें तर असा दुमजली पूल आहे. इकडे अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतीं, ॲक्सेल अर्लंडसन नांवाचा एक शेतकरी होऊन गेला. दोन झाडें आपोआप जुळलेलीं पाहून त्यास हा छंद जडला. सहा सिकॅमोर झाडें वर्तुळांत लावून त्यानें त्यांची जिवंत टोपली विणली, आणि १९४७ सालीं अशीं झाडें मांडून 'ट्री सर्कस' या नांवानें लोकांस दाखविलीं. तो १९६४ सालीं वारला. त्याचीं कांहीं झाडें पुढें गिलरॉय येथील बागेंत नेऊन लावण्यांत आलीं. कारागिरी अजोड खरी; पण आम्हांस विचाराल तर प्रदर्शनांतल्या टोपलीहून, ज्यावरून मनुष्य डोक्यावर भारा घेऊन ओढा ओलांडतो, तो खासी पूल आम्हांस अधिक आवडतो.

असो. आतां आमच्या कुंडीकडे वळूं.

सन २०२२ च्या जुलै महिन्यांत, बाहेर बांध्यांतून धानाची रोवणी चालू असतां, आम्हीं फायकसाचीं तीन रोपें आणविलीं. उंची सारखी, जाडी पेन्सिलीएवढी. गुंफण्याचें काम वसतिगृहांतील इयत्ता आठवीच्या तीन मुलींकडे दिलें. एक सालेकशाची, दुसरी देवरीकडची, तिसरी अर्जुनी मोरगांवची. माळीदादांस हें पसंत नव्हतें. परंतु ज्या हातांनीं रोज पहाटे, घंटा होण्यापूर्वीं, एकमेकींच्या वेण्या घातल्या जातात, त्यांस पेड म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. तिघींनीं एकेक खोड धरलें, आणि जिनें जें धरलें तें तिचें झालें. ही वांटणी कोणीं ठरविली नाहीं, कोठें लिहिली नाहीं. पण त्या दिवसापासून ती पक्की झाली.

दोन वळसे झाले असतील नसतील, तोंच देवरीकडची मुलगी थांबली. तिचें म्हणणें असें कीं, हें काम वेणीसारखें दिसतें खरें, पण तें उलटें आहे. केस लांब होतो, जाड होत नाहीं. म्हणून वेणी जितकी घट्ट तितकी चांगली. हीं खोडें जाड होणार. आज घट्ट घातलेला पेड उद्यां दुसऱ्याचा गळा धरील. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या तासांत हें वाक्य आलें नव्हतें. मग तिघींनीं केलेली वेणी उलगडली, आणि प्रत्येक वळशांत करंगळी जाईल इतकी जागा सोडून ती पुन्हां घातली. दिसावयास ती विरळ दिसूं लागली. येणारे जाणारे 'ही कसली वेणी?' म्हणून विचारीत, आणि मुली 'भरेल' एवढेंच उत्तर देत.

आतां बांधावयाचें कशानें? एका मुलानें उत्साहानें नायलॉनची दोरी आणिली. आम्हीं त्यास मैदानाच्या कडेच्या कडुनिंबापाशीं नेलें. त्या झाडास पूर्वीं कोणीतरी कपडे वाळविण्यासाठीं तार बांधली होती, व ती सोडण्याचें राहून गेलें. तार आज दिसत नाहीं. खोडाभोंवतीं एक खोल वळ तेवढा दिसतो, आणि वळाच्या वरच्या बाजूस साल ओठासारखी फुगून आलेली आहे. पानांनीं तयार केलेलें अन्न सालींतून खालीं उतरतें. त्याची वाट तारेनें अडविली. मुलगा बराच वेळ त्या वळावरून बोट फिरवीत उभा राहिला, आणि दोरी मुकाट्यानें परत घेऊन गेला. वटपौर्णिमेस बायका वडाभोंवतीं जें सूत गुंडाळतात तें कच्चें असतें, पावसापाण्यानें कुजून गळून पडतें, म्हणून त्याचा वडास उपद्रव होत नाहीं, ही गोष्ट सालेकशाच्या मुलीनें सुचविली. शेवटीं एका जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या फाडल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं गांठ सोडावयाची, बोटभर वर सरकवून सैल बांधावयाची, आणि दर आठवड्यास कुंडी पाव वळसा फिरवावयाची, असा क्रम ठरला. शिक्षकांच्या खोलींत एका सहकाऱ्यांनीं, झाडास असें पिळणें निर्दयपणाचें नव्हे काय, असें विचारलें. आम्हीं त्यांस शनिवारीं गांठ सोडतांना यावयास सांगितलें. ते आले नाहींत, पण त्यांनीं पुन्हां विचारलेंही नाहीं.

पहिलें वर्ष सरलें. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हां कुंडी आंत घेतली, आणि स्थलांतर न सोसून फायकसानें निम्मीं पानें टाकलीं. या झाडाचा स्वभावच तसा आहे. जागा बदललेली त्यास खपत नाहीं. पावसाबरोबर पानें परत आलीं.

सन २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर देवरीकडची मुलगी परत आली नाहीं. घरीं आईचें दुखणें, पाठचीं दोन भावंडें, आणि कापणीस आलेलें धान. आम्ही दोनदां जाऊन आलों. दुसऱ्या खेपेस ती अंगणांत बसून धाकट्या बहिणीचे केस विंचरीत होती. सबब खोटी असती तर वाद घालतां आला असता. ती खरी होती. वडिलांनीं आम्हांस पाणी दिलें, बसावयास खाट टाकली, आणि खालीं पाहत राहिले. नववीच्या हजेरीपटावर तिच्या नांवापुढें कांहीं दिवस गैरहजेरी लागत गेली. पुढें तें नांव कमी झालें.

सन २०२४ च्या जूनअखेर शाळा उघडली तेव्हां कुंडींत एक विषमता दिसून आली. सुट्टीच्या दिवसांत पाणी मिळालें, पण कुंडी फिरविण्यास कोणी नव्हतें. उजेडाकडचा शेंडा देवरीकडच्या मुलीच्या खोडाचा होता. तें अंगठ्याएवढें जाड झालें, आणि उरलेलीं दोन करंगळीएवढींच राहिलीं. माळीदादा म्हणाले, याचा शेंडा अर्ध्यावर उतरवा. पानें कमी झालीं म्हणजे याची धांव मंदावेल, आणि बाकीच्यांना उजेड मिळेल. सल्ला योग्य होता. त्यांनीं कात्री आणिली. दोन्ही मुली कुंडीच्या आड उभ्या राहिल्या.

"तिले विचारल्याबिगर कसं कापाचं, सर?"

नियमानें पाहतां कुंडी शाळेची, झाड शाळेचें, आणि ज्या मुलीची परवानगी घ्यावयाची तिचें नांव शाळेच्या पटावर नाहीं. तरी आम्हीं कात्री ठेवावयास सांगितलें. तिच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर निरोप गेला. उत्तर यावयास आठ दिवस लागले. रोवणीचे दिवस होते. उत्तर असें: "कापा म्हना. पन कापलेलं मले पाठवा."

शेंडा कापला. त्याच्या तीन फांद्या केल्या, चीक धुवून काढला, खालचीं पानें उतरविलीं, आणि ओल्या फडक्यांत गुंडाळून देवरीकडे जाणाऱ्या एका मुलीबरोबर एस. टी. नें रवाना केल्या. वरून काय करावें याची चिठ्ठी लिहावयास आम्ही बसलों, तर त्या दोघींनीं ती आधींच लिहून टाकली होती. आणि चिठ्ठीबरोबर दहावीच्या बीजगणिताच्या पहिल्या प्रकरणाची टिपणेंही पिशवींत घातलीं होतीं. त्यांविषयीं आमच्याशीं कोणी बोललें नव्हतें.

ऑगस्टमध्यें ती वडिलांबरोबर शाळेंत आली. पायांस बांधीचा चिखल वाळलेला. खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीस बसावयाचें, तर १७ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, आणि त्यास शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो नेण्यासाठीं ती आली होती. दाखल्यावर सही करण्याचें काम आमचें नव्हे, याचें त्या दिवशीं आम्हांस बरें वाटलें. कार्यालयांत कारकुनांचें लिहिणें चाललें असतां ती वाचनालयाच्या दाराशीं जाऊन कुंडीपुढें बसली. तिनें तिन्ही खोडें खालून वर चांचपून पाहिलीं. तिसऱ्या वळशाशीं तिचें व सालेकशाच्या मुलीचें खोड जेथें एकमेकांवरून जात होतें, तेथें तिनें नखानें फट शोधली. फट नव्हती. सोडलेली करंगळीभर जागा दोन वर्षांत भरली होती, आणि साल सलग झाली होती. माळीदादांनीं तिला विचारलें, पाठविलेल्या फांद्यांचें काय झालें? दोन लागल्या, एक गेली, असें ती म्हणाली. त्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत, तळास भोंकें पाडून लावल्या होत्या. दोनच आहेत, म्हणून त्यांची वेणी होत नाहीं. पीळ मात्र घातला आहे.

सन २०२५ च्या फेब्रुवारींत तिघी परीक्षेस बसल्या, केंद्रें वेगळीं. टिपणांच्या पिशव्या वर्षभर एस. टी. नें जात येत राहिल्या. वाहकांस ती पिशवी कोणाची हें न सांगतां समजूं लागलें. तिघीही उत्तीर्ण झाल्या. देवरीकडची गणितांत काठावर सुटली, आणि इतिहासांत तिनें दोघींस मागें टाकलें. आईचें दुखणें मात्र हटलेलें नाहीं.

दहावीनंतर उरलेल्या दोघीही शाळेंतून गेल्या, तेव्हां कुंडीस आतां कोणी धनी नाहीं. वेणीच्या वरच्या भागास अजून पट्टीची गरज आहे. खालचा भाग तिच्यावांचून उभा राहतो. तीन झाडांचीं मुळें एका कुंडींत असल्यानें तीस पाणी पुष्कळ लागतें, आणि मुळें तळाच्या भोंकांतून बाहेर डोकावूं लागलीं आहेत. म्हणून पाऊस सुरू होतांच तीस मोठी कुंडी द्यावी लागेल. आठवीच्या ज्या विद्यार्थ्यांस हें काम पत्करावयाचें असेल त्यांनीं उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं आपलीं नांवें आमच्याकडे द्यावीं. येतांना जुनी सुती ओढणी आणावी. नायलॉन चालणार नाहीं.