ज्या त्या वेळची भाजी

आमच्या लहानपणी कोणता महिना चालू आहे ते पानाकडे बघून कळायचं. ताकातला चाकवत आला की थंडी पडली, कच्च्या फणसाची भाजी आली की वार्षिक परीक्षा जवळ आली, आणि टाकळा आला की नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून झाली. पाऊस पुढे सरकला की कुर्डू, भारंगी, कंटोळी यायची. भाद्रपदात ऋषीची भाजी आणि अळवाचं फतफतं. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत व्हायचं आणि भोगीला ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगी, तीळ घातलेली मिसळीची भाजी, बाजरीच्या भाकरीबरोबर.

आज फ्लॉवर, मटार, गाजर आणि पालक बाराही महिने मिळतात. पानाकडे बघून श्रावण की शिमगा, हे सांगता येत नाही. दुकानातली भाजी तीच, घराघरातली भाजी तीच, आणि मुलांना विचारलं की मटार कधीचा, तर ती फ्रीजरकडे बोट दाखवतात.

पण तेव्हाचं सगळं सांगायचं तर मे महिनाही सांगायला हवा. बाजारात पालेभाजी मिळायची नाही, मिळाली तर परवडायची नाही. मग कांदे-बटाटे, लाल भोपळा, पिठलं, डाळकांदा, वाळवलेली गवार आणि सांडगे, यांवरच आठवडेच्या आठवडे निघायचे. थंडीत वांगी स्वस्त झाली की रोज वांगीच. १९७२च्या दुष्काळात तर रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घ्यावी लागली, तिची भाकरी आणि पातळ आमटी हेच जेवण होतं. ऋतूप्रमाणे खाणं ही आमची निवड नव्हती. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आम्ही तसं खात होतो.

आता ठिबक सिंचन आलं, शेडनेट आलं, शीतगृहं आली, आणि रात्रभर धावणारे ट्रक आले. ज्याच्याकडे पाणी आहे तो शेतकरी वर्षात एकाऐवजी दोन-तीन पिकं घेतो, आणि मे महिन्यातही लहान मुलाच्या ताटात हिरवी भाजी पडते. हे चांगलंच झालं. ज्यांनी कोरडे उन्हाळे काढले ते याबद्दल तक्रार करणार नाहीत, आणि आम्हीही करत नाही.

तरी जून उजाडला की जीव हळहळतो, आणि तो शेवळांसाठी हळहळतो. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की कसारा, मुरबाड, कर्जतकडच्या आदिवासी बायका ठाणे-कल्याणच्या बाजारात पाटीत शेवळं घेऊन यायच्या. जांभळट तपकिरी रंगाच्या, मिटलेल्या कळीसारख्या दिसणाऱ्या त्या लांबट कोंबांच्या जुड्या बांधलेल्या असायच्या, आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं, म्हणजे आवळ्यासारखी हिरवी आंबट फळं. शेवळं घेणाऱ्याने काकडं मागायची नसत, ती दिलीच जायची. कारण शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. काकडाचा आंबटपणा आणि नीट शिजवणं, या दोन्हींनी ती खाज मरते. जंगलातल्या दोन वस्तू एकाच वेळी उगवतात आणि एकीचा त्रास दुसरी घालवते, हे त्या बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं.

आजी शेवळं निवडायला बसली की आधी हाताला तेल लावायची. वरची पानासारखी सोलपटं काढून टाकायची. मग आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग सुरीने अलगद वेगळा करायची, कारण जास्त खाज त्यातच. उरलेलं बारीक चिरून काकडाच्या रसात शिजवायची, पाणी पिळून टाकायची, आणि मग फोडणीला घालून त्यात सोललेले वाल. मांसाहारी घरांत सोडे, कोलंबी किंवा खिमा. एवढ्या खटाटोपातून भाजी व्हायची ती प्रत्येकाच्या वाटणीला दोन घास, आणि त्या दोन घासांत पुढच्या जूनपर्यंतचं समाधान.

आता शेवळं येतात, पण कमी येतात. डोंगर पोखरले गेले, रस्ते रुंद झाले, आणि विकणाऱ्या बायकांच्या मुली शहरात नोकरीला लागल्या. त्यांनीही उन्हातान्हात रान का तुडवावं? कृषी विभाग दर ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे गर्दीही होते. पण महोत्सवातली भाजी लोक कुतूहलाने बघतात, आणि घरी आणून पातेल्यात घालायची म्हटलं की मागे सरतात.

आमच्या घरांत भाजी निवडणं हाच एक सोहळा होता. दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडली जायची, थंडीत मटाराच्या ढिगाभोवती सगळं घर बसायचं. मोठ्यांच्या हातांकडे बघत बघत कळायचं की कोवळा देठ ठेवायचा, जून टाकायचा. दोडक्याच्या शिरा चटणीला, फणसाच्या आठळ्या धुऊन वाळवून पावसाळ्याला. गप्पा, भांडणं, लग्नं जमणं, सगळं त्या कागदाभोवती. आजची मेथी निवडून पिशवीत येते, वाल सोलून येतात, ऋषीच्या भाजीचा वाटाही चिरून येतो. वेळ वाचतो, आणि गॅलरी रिकामी राहते.

मात्र त्या सोहळ्यात बसलेल्या बायकांना विचारलं असतं, तर त्यांनी त्याला सोहळा म्हटलं नसतं. नोकरी करणाऱ्या आया संध्याकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मांडीवर पिशवी घेऊन गवारीच्या शिरा काढायच्या, कारण घरी पोचल्यावर कुकर लावायला उशीर होऊन चालत नसे. दिवसभर ऑफिस, वाटेत निवडणं, घरी चिरणं, आणि शेवटी सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरेल ते आपल्या पानात. आमच्या आठवणीतली चव त्यांच्या पाठदुखीवर उभी होती. निवडलेल्या भाजीची पिशवी ज्या बाईचा तास वाचवते, तिच्यापुढे आम्ही चवीची हळहळ कोणत्या तोंडाने मांडायची?

म्हणून आम्ही त्या कष्टांसाठी रडत नाही, कष्टांबरोबर जे गेलं त्यासाठी रडतो. कष्ट संपावेत हे योग्यच होतं, पण त्यांच्याबरोबर माहितीही संपली. मुलींना ‘तू अभ्यास कर’ म्हणून ओट्यापासून दूर ठेवलं आणि मुलांना तिथे कधी बसवलंच नाही, त्यामुळे शेवळाचा कोणता भाग टाकायचा हे आजीनंतर घरात कोणालाच माहीत राहिलं नाही. पण ही माहिती टिकवता येते. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापात कितीतरी नव्या संसारांना स्वयंपाक शिकवला, सासूची वाट न बघता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, भाज्यांची गावठी बियाणी राखली, वाटली, आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपलं तर वाण टिकतं, आणि हाताने करून दाखवलं तर रीत टिकते.

मटार बाराही महिने मिळो, फ्रीजर भरलेला राहो, लोकलमध्ये कोणालाही गवार निवडावी न लागो. पण या जूनमध्ये बाजारात शेवळं दिसली तर एक जुडी घ्या. काकडं दिलीत का, ते बघून घ्या. विकणारीला विचारा की कोणता भाग टाकायचा; ती हातात घेऊन दाखवेल. आणि घरी आल्यावर ती निवडायला सगळ्यांना बसवा, मुलग्यांना आधी.