ओढ्याकडचं दार

आजीचा पाटा आमच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभा असतो. वाटण मिक्सरकडे गेलं, तरी त्याला टाकून देववत नाही. काळाभोर, जड, टाकीचे घाव झिजून गुळगुळीत झालेला. अस्सल सह्याद्रीचा दगड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर चढत गेले आणि आपले डोंगर झाले, त्यातलाच हा तुकडा.

लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजांच्या बारीक कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या दिशेला वळतं आणि मग तसंच गोठून राहतं. या रेषा विषुववृत्तापाशी आडव्या असतात, ध्रुवांकडे जावं तशा अधिकाधिक तिरप्या होतात. तेव्हा दगडात गोठलेला तो तिरपेपणा मोजला, की दगड कोणत्या अक्षांशावर निवला ते कळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उठून पाट्यावर हात ठेवावासा वाटला होता.

खंड सरकतात, हे अल्फ्रेड वेगेनर 1912 पासून सांगत होते. ते हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं रुचलं नाही. एवढाले खंड ढकलतं कोण, याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. 1930 साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ग्रीनलंडच्या हिमपठारावर ते वारले. सोबत्याने त्यांना बर्फातच पुरलं.

पुढे केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग या तरुणाने वेगेनरांची परीक्षा घ्यायला दख्खनचाच कातळ निवडला. त्याचा प्रबंध 1954 साली नाकारला गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. दोनच वर्षांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या खडकांची मोजमापं प्रसिद्ध केली. आपला कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेला निवला होता. आजच्या हिशेबाने साधारण 30 अंश दक्षिणेच्या आसपास, म्हणजे इथून पाच हजार किलोमीटरांवर. पुढच्या दशकात सागरतळाच्या खडकांतले चुंबकीय पट्टे उलगडले, भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला आणि वेगेनरांना न मिळालेली उत्तरं सापडू लागली. पण माझा जीव अडकतो तो आपल्या कातळात.

एक पथ्य मात्र असतं. नमुना काढण्याआधी दगडावर उत्तर दिशेची खूण करायची, तो कसा बसला होता ते टिपून ठेवायचं. तसं केलं नाही, तर त्याच्या पोटात दिशा असते, पण ती कशाच्या मानाने वाचायची हे कोणाला सांगता येत नाही. आमच्या पाट्यावर अशी खूण नाही. कोणत्या खाणीतला, कोणत्या अंगावर पडलेला, हे तो घडवणाऱ्या पाथरवटालाच ठाऊक.

आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. बैलगाडीतून तिने भांडीकुंडी, देव आणि हा पाटा आणला. नवं घर सपाटीवर होतं, चहूबाजूंना उसाची शेतं. मागच्या दारापलीकडे सरळ डांबरी रस्ता. आम्ही नातवंडं अंगणात उशिरापर्यंत खेळत बसलो, की दिवेलागणीला ती आतून हाक मारायची, "अरे, ओढ्याकडचं दार लावून घ्या रे." आणि आम्ही जाऊन रस्त्याकडचं दार लावायचो.