चढताना एक, उतरताना एक



माझी मुलगी सध्या कीबोर्डच्या परीक्षेसाठी ‘मेलोडिक मायनर’ घोकते आहे. नाव परकं असलं तरी मंदिरात भजनाला पेटी वाजवणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही ते पाच मिनिटांत कळेल.

पांढरी सहा हा सा धरा आणि वरच्या पांढरी सहापर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा झाला ‘ए’चा साधा, म्हणजे नॅचरल मायनर. आपल्याकडे यालाच आसावरी थाट म्हणतात. ग, ध, नि कोमल. ऐकायला गंभीर, पण कोमल नि वरच्या सापासून लांब राहतो, त्यामुळे सावर पोचल्याचं समाधान होत नाही. म्हणून पाश्चात्त्य संगीतात नि शुद्ध करतात, पांढरी पाचऐवजी काळी चार. हा हार्मोनिक मायनर, आपल्या किरवाणीचे स्वर. आता नि साला खेटला, पण कोमल ध आणि शुद्ध नि यांच्यामध्ये दोन पट्ट्या मोकळ्या पडल्या. गाताना ती उडी गळ्याला जड जाते. मग धही शुद्ध करतात, काळी तीन. चाल सरळ झाली. हा मेलोडिक मायनर.

खरी गंमत उतरताना आहे. तिथे वरच्या साची ओढच उरत नाही. म्हणून नि आणि ध दोन्ही पुन्हा कोमल होतात, आणि कोमल ध अलगद पंचमावर आणून सोडतो. बाखच्या ई मायनर ल्यूट सुइटमधल्या ‘बूरे’त सुरुवातीलाच हे चढणं-उतरणं ऐकू येतं. प्रत्येक रचनेत हा नियम पाळतातच असं नाही. जॅझवाले तर उतरतानाही शुद्धच स्वर ठेवतात. पण परीक्षेत दोन्ही वाटा यायला हव्यात. आपल्याला हे नवीन नाही. देस रागात चढताना नि शुद्ध आणि उतरताना कोमल असतोच की.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या सासूबाई. दशलक्षण पर्वात पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा उपवास त्या वर्षानुवर्षं करत आल्या. यंदा साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी उपवासाला साफ नकार दिला. एकाशनावर आल्या. जेवायला बसल्या की म्हणायच्या, “माझं खाली येणं सुरू झालं गं.” घास घशाखाली उतरायचा नाही.

मी म्हटलं, “आई, सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे ना? आपल्या शक्तीप्रमाणे तप. शक्ती लपवायची नाही आणि तिच्या पलीकडेही ओढायचं नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अभिषेकाहून आल्यावर स्वतःच ताट मागितलं.

चढतीच्या वयात दहा उपवास हेच तप होतं. उतरतीला मौन, स्वाध्याय, सूर्यास्तापूर्वीचं एक वेळचं मोजकं जेवण, हेही तपच. स्वर कोमल झाले म्हणून स्केल मोडत नाही, कारण दोन्ही वाटांवर सा तोच असतो. आपला सा म्हणजे श्रद्धा. तो जागेवर असला, की घरातल्या थकलेल्या माणसाला कोमल स्वर लावायची मोकळीक आपणच द्यायला हवी.