चावीचा मान

बंद पडलेले घड्याळ माणसे टाकून का देत नाहीत, याचे मला मोठे नवल वाटे. मोडकी छत्री जाते, गळका कंदील जातो. बंद घड्याळ मात्र कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेले सापडते. आमच्या कपाटातही असे एक होते. आजोबांचे, चांदीच्या डबीतले, साखळीचे.

आजोबा बार्शी लाइट रेल्वेत गार्ड होते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती चिमुकली गाडी १८९७ साली सुरू झाली, १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली, आणि आता तर ते रूळही उरले नाहीत. गाडीला उशीर झाला तरी चालेल, घड्याळाला होता कामा नये, असा आजोबांचा दंडक. पुढे वाताने त्यांची बोटे आखडली, तेव्हा चावी देण्याचे काम ताईकडे आले. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. रोज सकाळी सातला परकराला हात पुसून ती चावी देई. बोटाला ताण जाणवला की थांबायचे. पुढे एक दातही नाही! १९८६ साली ताईचे लग्न झाले. आजोबांनी चावी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. घड्याळ चालेल तेवढे चालले आणि थांबले.

यंदा ताईची साठी. भाऊबीजेला साडीऐवजी ते घड्याळच चालू करून ओवाळणीत घालायचे मी ठरवले.

पहिल्या दुकानदाराने ते उघडूनही पाहिले नाही. "आत सेलचं मशीन बसवतो, गुरुजी. चावीची कटकटच नको!" म्हणजे देव बाहेर काढून देव्हारा तेवढा ठेवायचा.

दुसरा घड्याळजी सोलापुरात एका बोळात भेटला. सत्तरीचा म्हातारा. डोळ्याला भिंग लावून त्याने नखाने झाकण उघडले, आणि पाच मिनिटे बोललाच नाही. तेल वाळून राळ झाले होते. बॅलन्स चक्राच्या आसाचे केसाएवढे टोक मोडले होते. त्याच्यापाशी मेलेल्या घड्याळांनी भरलेला बिस्किटांचा डबा आहे. त्यातून जुळता आस शोधायला दीड महिना लागला. असले घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते, दिवसाला ४,३२,००० झाले. आणि एवढ्या कष्टाला तेल लागते ते सुईच्या टोकावर राहील इतके!

तबकडीवर चारच्या आकड्यापाशी चीर आहे. ती बदलू का, डबीला चकाकी आणू का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. मग त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेले बारीक आकडे दाखवले. घड्याळ उघडणारे कारागीर अशी साले आणि खुणा कोरून ठेवीत. १९३८, १९५१, १९६७, १९७९. शेवटचे साल ताईच्या कारकिर्दीतले! त्याखाली म्हाताऱ्याने आपली खूण केली.

काकांना हे पसंत नाही. "घराण्याची वस्तू आहे. मुलीकडे गेली की गेली," असे ते म्हणाले. वडीलधाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. पण जवळजवळ चाळीस वर्षे ही वस्तू घराण्यातच होती, आणि बंद होती.

घड्याळ दिवसाला तीन मिनिटे मागे पडते. पडो बापडे. ताई तरी माहेरी कधी वेळेवर पोचली आहे? (दिवाळी अंक ती भाऊबीज झाल्यावर शेजारणीकडून आणून वाचते, म्हणून हे निर्धास्त लिहितो आहे.)

सध्या ते माझ्या टेबलावर टिकटिकत असते. काही दिवस चालवून पाहा, असे घड्याळजीने बजावले आहे. म्हणून सकाळी सातला मी चावी देतो. एका चावीवर ते तीसेक तास चालते. पाडव्याच्या सकाळी मात्र मी चावी देणार नाही. म्हणजे दुपारपर्यंत ते थांबेल, आणि दुसऱ्या दिवशी थांबलेलेच ताईच्या तबकात ठेवता येईल.