साहेबांचा शब्द, बाईंची वही

फोर्टमधल्या एका कंपनीत साहेबांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या बाईंच्या टेबलावर संगणक आहे, मोबाइल आहे आणि शॉर्टहँडची वहीही आहे. नव्या मुलींना तिचं हसू येतं. ''बाई, हल्ली मोबाइल ऐकून सगळं टाइप करतो. तुम्ही अजून या रेघोट्या कशाला ओढता?'' बाई उत्तर देत नाहीत. मीटिंगला जाताना वहीच उचलतात.

एकदा एका पुरवठादाराशी बोलणी चालली होती. टेबलावर रेकॉर्डर दिसताच समोरच्यांनी हात जोडले, ''ते बंद करा, मग मोकळेपणानं बोलू.'' रेकॉर्डर बंद झाला, बाईंची पेन्सिल चालू राहिली. दोन तासांनी वाद पेटला. ''९० दिवसांची उधारी आम्ही कबूल केलीच नाही!'' बाईंनी चार पानं मागे उलटली आणि वाचून दाखवलं, ''उधारी ९० दिवसांची चालेल, पण ऑर्डर दुप्पट हवी.'' पहिला भाग पुरवठादार विसरले होते, दुसरा साहेब! साहेबांचा चेहरा उतरला, पण बाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही.

आयझॅक पिटमननं १८३७ मध्ये काढलेल्या या लिपीत स्पेलिंग नाही, उच्चार लिहायचा. 'प' आणि 'ब'ची रेघ एकच. एक बारीक, दुसरी ठळक. त्यामुळे 'पॅक' आणि 'बॅक' यांत फरक उरतो तो फक्त हाताच्या दाबाचा. वेगात स्वर तर बहुतेक गळतातच. म्हणून नोंदी त्याच दिवशी टाइप कराव्या लागतात. शिळ्या झाल्या की आपलंच अक्षर आपल्याला परकं वाटतं.

आता पत्रांचं डिक्टेशन फारसं उरलेलं नाही, साहेब आपले ईमेल आपणच लिहितात. तेव्हा केवळ पत्रांसाठी कुणी क्लासची फी भरू नये, हे खरंच. केंद्र सरकारच्या स्टेनो परीक्षेत मात्र आजही १० मिनिटांचं डिक्टेशन असतं, क-श्रेणीसाठी मिनिटाला १०० शब्दांच्या वेगानं. माणसं भांडताना याहून भरभर बोलतात! तिथं काय टिपायचं आणि काय सोडायचं, ते बाईंनाच ठरवावं लागतं.

टाइप झालेल्या पानावर बाई उभी रेघ मारतात. त्या चार पानांवर मात्र करारावर सह्या होईपर्यंत त्यांनी रेघ मारली नाही.